पाहुणीची कपबशी

आमच्या घरी चहा दोन प्रकारचा व्हायचा. घरच्यांसाठी गुळाचा, स्टीलच्या ग्लासात. पाहुण्यांसाठी साखरेचा, कपबशीत. साखर रेशनची, ती आई दागिन्यासारखी जपायची. निळ्या फुलांच्या कपबशा तिच्या लग्नातल्या, फडताळाच्या वरच्या कप्प्यात, आणि त्यांना मी हात लावलेला तिला खपत नसे. भिलाईच्या सेक्टरमधल्या त्या क्वार्टरमध्ये मी जन्मापासून राहत होते, तरी त्या कपातला एक घोट माझ्या वाट्याला आला नव्हता. आणि समोरच्या क्वार्टरमधली ती आली, त्या पहिल्याच दिवशी तिच्यापुढे कपबशी. माझ्याच वयाची पोरगी, काही आकाशातून पडलेली नव्हती. तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

ती समोरच्या काकांची भाची. तिचे वडील रेल्वेत, दुर्ग लाइनवर, कधी या स्टेशनला तर कधी त्या. आई नव्हती. शाळा नीट व्हावी म्हणून तिला मामाकडे आणून ठेवलं होतं. माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात, आठवीत. शाळा हिंदी माध्यमाची, घरी मराठी, आणि इंग्रजीच्या नावानं दोघींचाही आनंदीआनंद. म्हणजे निदान मला तरी तसं वाटलं होतं.

बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्लार्क होते. वर्ध्याकडच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन आलेले. नोकरीला लागले त्याच आठवड्यात साहेब म्हणाले, ही फाईल पुट अप करा. पुट म्हणजे ठेवणे हे बाबांना ठाऊक होतं, अप म्हणजे वर हेही ठाऊक होतं. त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि फाईल लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ठेवून आले. साहेब संध्याकाळपर्यंत वाट बघत बसले. फाईल पुट अप करायची म्हणजे साहेबापुढे सहीला ठेवायची, हे बाबांना दुसऱ्या दिवशी अख्ख्या सेक्शनच्या हसण्यातून कळलं. पुढे कितीतरी दिवस लोक त्यांना उगाच स्टूल आणून देत. बाबा हा किस्सा स्वतःच सांगत, स्वतःच हसत, आणि हसून झालं की म्हणत, "माह्या पोरीले कोनी स्टूल आनून देता कामा नये."

म्हणून पुट. जगात एवढी क्रियापदं पडली होती, पण आमच्या घरी ते एकच नांदलं. बाबा म्हणत, "क्रियापद पोरीसारखं असते. पोरगी तेच, पन ज्या घरी जाते त्या घरची होते. ऑनच्या घरी गेली त अंगावर घालते. ऑफच्या घरी गेली त उद्यावर ढकलते. आउटच्या घरी गेली त इस्तू इझवते." पाठांतरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शब्द हातातून गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्या घरात हुकूम इंग्रजीतून सुटायचे. पुट अवे द बिछाना. पुट आउट द सिगडी. पुट ऑन द चप्पल. हुकूम ऐकला की ते काम करायचं आणि करता करता पूर्ण वाक्य मोठ्यानं म्हणायचं. शेजारपाजारच्यांना वाटत असेल, या घरात पोरगी आहे की सर्कशीतलं अस्वल.

पण मला चालत होतं, कारण रविवार माझा होता. रविवारी सकाळी बाबा सायकलनं सुपेल्याच्या बाजारात भाजीला जायचे, आणि कॅरिअरवर मी. हुकूम सोडले तर घरी बाबा फारसे बोलत नसत. ड्युटीवरून आले की पेपर, जेवण, झोप. सुपेल्यात मात्र ते वेगळेच असत. भेंडी मोडून माझ्या हातात देत आणि विचारत, "पाह्य बरं, कोवळी हाय का?" मी कोवळी म्हटलं तरच घ्यायचे. भाजीवालीशी छत्तीसगढीत थट्टा करायचे, उसाचा रस पाजायचे, आणि परत येताना चढ लागला की मी उतरून सायकलला मागून हात लावायचे. सगळ्या आठवड्यात बाबा माझे असे तेवढेच तास होते. मला दुसरं काही नको होतं.

आणि एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "समोरची पोरगी पन येऊन बसू दे. दोघी मिळून शिकतीन." वर म्हणाले, "जिचा हप्ताभर एकही पुट चुकनार नाई, ते रविवारी सुपेल्याले."

मी म्हटलं, "कॅरिअर एकच हाय."

"म्हनून तं," बाबा म्हणाले.

मी मनात म्हटलं, ये बाई, ये. माझं घर, माझे बाबा, माझी सिगडी. तू काय जिंकणार.

ती जिंकली. पहिल्याच रविवारी. आणि त्याच्या पुढच्याही. मी क्वार्टरच्या फाटकात उभी, आणि ती माझ्या कॅरिअरवर, दोन वेण्या, रिबिनी, बाबांच्या शर्टाला हलकेच धरून. मला हात हलवून टाटा केलं तिनं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत येऊन आईशी भांडले, आणि आईनं मला तांदूळ निवडायला बसवलं.

आता तुम्ही म्हणाल, हुशार असेल ती. कसली हुशार. कामं बघा ना कोणती कुणाला. दुसऱ्याच्या पोरीला राबवायचं नसतं, हा आमच्याकडचा नियम. पाहुण्याच्या हाताला काजळी लागली तर घराचं नाक कापलं जातं. म्हणून मला पुट आउट द सिगडी, आणि तिला पुट डाउन द पुस्तक. मला पुट अवे द भांडी, तिला पुट ऑन द ओढणी. सिगडी विझवताना राख नाकात जाते, डोळ्यांत जाते, आणि त्यात मला आउटऐवजी ऑफ आठवायचं. ओढणी घेताना कुणाचं काय चुकणार आहे. मी हे बाबांना तोंडावर सांगितलं. बाबा म्हणाले, "नाचता येईना अंगन वाकडं."

आणि बोलणं बघा. माझं चुकलं की बाबा एका दमात सुरू व्हायचे. "डोकं हाय का खोकं? काल सांगितलं, आज इसरली. ध्यान कुठं असते तुह्यं?" तिचं कधी चुकलंच, तर आवाज एकदम दुधासारखा. आणि भाषासुद्धा बदलायची. आम्हाला तुले-मले, तिला पुस्तकातली मराठी. "असू दे हं बेटा, होतं असं. पुन्हा एकदा म्हण बरं." हे बेटा कुठून आलं होतं देव जाणे. मला जन्मात कधी बेटा म्हटलं नव्हतं.

त्यात ती कपबशी. शिकवणी सुरू झाली की आई दोन भांडी चढवायची. एकात आमचा गूळ, दुसऱ्यात तिची साखर. ती बशीत चहा न ओतता कपानंच प्यायची, करंगळी जरा उचलून, आणि कप खाली ठेवताना आवाज करायची नाही. माझा ग्लास मी मुद्दाम आपटायचे. एकदा मी आईला म्हटलं, "मलेही कपात दे ना वं एक दिवस."

आई म्हणाली, "तू का पाहुनी हायेस या घरात?"

झालं. विषय संपला.

मी काय काय केलं नाही. शेजारच्या दादाकडून व्याकरणाचं पुस्तक आणलं. शाळेत जाता-येता ऑन, ऑफ, आउट, अवे घोकले. रात्रीची घासलेली भांडी कुणी सांगायच्या आधीच पुट अवे केली. एका रविवारी जिंकलेही, आणि नेमका त्या दिवशी बाबांना जामुलला एका सहकाऱ्याच्या घरी जायचं निघालं, बाजार रद्द. माझं नशीबच गाढवाच्या पायाखालचं. पुढच्या रविवारी पुन्हा तीच कॅरिअरवर.

मग उन्हाळ्याच्या तोंडी बाबांनी सगळ्यात अवघड पुट काढलं. पुट अप विथ. म्हणजे, बाबांनी सांगितलं, सोसणे. कुरकुर न करता सोसणे. "आता हे करून दाखवा," ते म्हणाले. "हप्ताभर वेळ देतो. जिले जमन ते सुपेल्याले. आणि परीक्षा आली, तवा हा शेवटचा रविवार."

शेवटचा रविवार म्हटल्यावर मी पेटले. ऑन-ऑफ हाताने दाखवता येतं, सोसणं कसं दाखवायचं? मी आठवडाभर विचार केला. शनिवारी संध्याकाळी बाबा खाटेवर बसले, ती तिच्या नेहमीच्या जागी चटईवर, पुढ्यात कपबशी. मी सिगडी पेटवली, ओली लाकडं घातली आणि धुराच्या अगदी तोंडाशी मांडी घालून बसले. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, नाक वाहतंय, खोकला येतोय, पण हलले नाही. धुरातूनच म्हटलं, "आय ॲम पुटिंग अप विथ द धूर."

बाबा उठले आणि माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढलं. "येडी झाली काय वं? डोये फुटतीन न. हे सोसनं नोहे, हे सोंग हाय. कोनी सांगितलं होतं धुरात बसाले? अक्कल शेन खाले गेली का तुही?" असं बरंच. आई पाणी घेऊन धावली. मी डोळे पुसत बघितलं, तर ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्याही डोळ्यांत पाणी. धूर तिच्यापर्यंत गेलाच नव्हता. मला वाटलं, दया दाखवून राहिली बया. तिचा मला एवढा राग कधीच आला नव्हता.

बाबा शांत झाले, खाटेवर बसले आणि तिला पुस्तकी मराठीत म्हणाले, "तुला काही सुचलं का, बेटा?"

तिनं समोरचा रिकामा कप दोन बोटांनी थोडा पुढे सरकवला आणि म्हणाली, "काकू आज साखर घालायला विसरल्या. मी पूर्ण प्यायले."

आईनं जीभ चावली. खरंच विसरली होती. बिनसाखरेचा कडू चहा, शेवटच्या थेंबापर्यंत संपलेला, आणि पोरीनं चकार शब्द काढला नव्हता. बाबा कपाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वा." एवढंच. बाबांचा वा म्हणजे आमच्या घरात सोन्याचं फूल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुह्या गुयाच्या चहात गूळ इसरला असता त तू सेक्टर डोक्यावर घेतला असता." ते खरंच होतं. घेतलाच असता. का घेऊ नये? आपल्या घरात आपण कडू चहा का प्यावा?

दुसऱ्या दिवशी ती सुपेल्याला गेली. येताना माझ्यासाठी फुटाण्याची पुडी घेऊन आली. मी ती पुडी तिच्यादेखत ओट्यावर ठेवली आणि हात लावला नाही. ती गेल्यावर खाल्ली.

त्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांची बदली डोंगरगडला झाली आणि ते तिला घेऊन गेले. कॅरिअर माझं झालं, पण बाबा सायकल चालवता चालवता म्हणायचे, "ते पोरगी मोठी होईन, पाह्यजो." भेंडी हातात देऊन तिची आठवण काढायचे. एकदा तर मी भेंडी न मोडताच कोवळी म्हणून सांगितलं आणि आईनं रात्री त्या दोरखंडासारख्या भेंडीवरून दोघांनाही ऐकवलं.

मग वर्षं गेली. मी बी.ए. झाले, नागपूरला लग्न होऊन गेले, एका सरकारी कार्यालयात लागले. रोज फाईल पुट अप करते, कपाटाच्या डोक्यावर नाही, साहेबापुढे. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, जवळच रुआबांध्याला छोटं घर घेतलं. सिगडी जाऊन गॅस आला. मी दिवाळीला आणि मे महिन्यात माहेरी यायचे. स्टेशनवर बाबा घ्यायला येत, माझ्या हातातली बॅग घेत, आणि म्हणत, "ये बाई. प्रवासात तरास नाई झाला न?" लग्न झाल्यापासून ते मला बाई म्हणायला लागले होते. रागावणं तर बंदच झालं होतं. माझ्या हातून एकदा त्यांचा चष्मा फुटला, तर म्हणाले, "असू दे बाई, होते असं." मला बरंच वाटलं तेव्हा. वय झालं म्हातारबुवांचं, निवले, असं मी आईला म्हटलं.

अशाच एका मे महिन्यात मी माहेरी होते आणि दारात ती. बिलासपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते म्हणे. रेशमी साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात पेढ्यांचा पुडा. काही कामाला दुर्गला आली होती, तिथून पत्ता शोधत आली. बाबांच्या पाया पडली. बाबांना काय करू अन् काय नको झालं. इंग्रजीची प्राध्यापक, आणि पुट कुणी शिकवलं, तर यांनी. इतकी वर्षं होऊनही माझ्या छातीत तोच जुना निखारा. मी हसून तिचा हात धरला आणि मनात म्हटलं, आलीस का पुन्हा.

आई चहा ठेवायला उठली तशी ती म्हणाली, "काकू, तुमी बसा, मी करते." आणि माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. आता तिची मराठीही सैल झाली होती, आमच्यासारखी. पातेलं गॅसवर ठेवता ठेवता म्हणाली, "तुले एक सांगू? मी तुह्यावर लई जळत होती."

मी म्हटलं, "तू? माह्यावर? कावून?"

"काका तुले रागवायचे न, म्हणून." ती पातेल्यात बघत होती. "मले कोनी रागवतच नव्हतं. मामी म्हणायची, पाहुनी हाय, बोलू नका. बाबा महिन्यातून एकदा यायचे, ते कायचे रागवतीन. तुमच्या घरी आली तर इथंही बेटा, बेटा. त्या दिवशी तू धुरात बसली अन् काकानं तुले दंडाले धरून वढलं, मी घरी जाऊन रडली. मले वाटे, एकदा तरी माह्या हातून असं कायतरी चुकावं."

कपबशी घेऊन बसायची ती बया, करंगळी उचलून, माझ्या रविवारांवर डल्ला मारून, आणि वर जळायची ती? जळायचा हक्क माझा होता. तेवढंही हिनं ठेवलं नाही मला. मी म्हटलं, "कपात चहा तुले भेटायचा."

"हो न," ती म्हणाली. "तुमी सगळे ग्लासात प्यायचे."

तेवढ्यात चहा वर आला. सांडशी सापडेना, तिनं घाईत रेशमी पदराची घडी केली आणि पातेलं दोन्ही हातांनी उचललं. पदराचं टोक ज्योतीवर लोंबलं. बाबा त्याच क्षणी दारात आले. आधीच्या आयुष्यातला आवाज निघाला त्यांचा.

"ए बावळट, जाळून घेतं काय? ठेव ते खाली. शिकून शिकून एवढी मोठी झाली अन् पदरानं भांडं उचलते? अक्कल शेन खाले गेली का तुही?"

मीच पुढे होऊन गॅस बंद केला. ती पातेलं ओट्यावर ठेवून तशीच उभी. चाळिशीकडे झुकलेली बाई, कॉलेजातली मॅडम, आणि चेहरा असा फुलला की मला बघवेना. बाबा अजून बडबडतच होते, तुले काही समजते का, अन् कालेजात काय शिकवते पोरायले. शब्द न् शब्द माझा. तुले माझं, बावळट माझं, शेण खायला गेलेली अक्कलसुद्धा माझी. लग्नानंतर इतक्या वर्षांत बाबांनी त्यातलं एक मला दिलं नव्हतं, आणि आज अख्खी थैली तिच्या पदरात.

आईनं आम्हाला बाहेर पिटाळलं, साखर मी पाह्यतो म्हणाली आणि चहा गाळला. घरात आता गूळ नव्हता, साखरही बाबांच्या डायबेटिसपायी बेतास बात. आम्ही ओसरीवर बसलो. बाबांना स्टीलचा ग्लास. आईचा ग्लास. तिनं हात पुढे करून तिसरा ग्लास आपणच उचलला, आणि आईनं काही म्हटलं नाही.

मग आई आत गेली. फडताळ उघडल्याचा आवाज आला. ती निळ्या फुलांची कपबशी घेऊन आली, पदरानं पुसली, चहा ओतला आणि माझ्यापुढे ठेवली.

"घे बाई," म्हणाली. "तुले उद्या जायाचं हाय, दोन बिस्कुटं पन घे."

कॉलेजातल्या मॅडमनी ग्लासातला एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काकू, साखर इसरल्या तुमी, कडू झाला," ती मोठ्यानं म्हणाली, आणि आई हसत हसत डबा आणायला उठली. बाबा म्हणाले, "आवाज कमी कर वं, म्हातारी भईरी नाई झाली अजून."

माझाही चहा कडूच होता. मी कप उचलला आणि आवाज न करता पूर्ण प्यायले.